बार्शी लाईटने पंढरपूर : एका दिवसाची सफर

उन्हाळ्याची सुट्टी लागली की घरातली पोरं मागं लागतात, ‘आजोबा, आगगाडीनं कुठंतरी जाऊ या.’ कुठं जायचं याचं त्यांना फारसं देणंघेणं नसतं. गाडी हवी, खिडकी हवी, बरोबर शिदोरी हवी आणि पोचल्यावर डुंबायला नदी असली म्हणजे झालं. गेल्या वैशाखात माझ्या बारा वर्षांच्या नातवानं असाच हट्ट धरला. तेव्हा मी त्याला म्हटलं, ‘चल, सकाळी निघू, पंढरपूर बघू आणि दिवेलागणीला परत येऊ.’ भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दोन कांदे आणि पाण्याची बाटली घेऊन आम्ही दोघे कुर्डुवाडीच्या फलाटावर उभे राहिलो.

पंढरपूरला जायला आषाढी-कार्तिकी सोडून हा कुठला मुहूर्त, असं तुम्ही म्हणाल. पण गाव पाहायचं असेल तर गर्दी नसताना पाहावं. जत्रेत देव भेटतो, गाव भेटत नाही, असा माझा अनुभव आहे. आणि वैशाखातच जाण्याला माझं आणखीही एक कारण होतं. ते पुढं सांगेन.

आज कुर्डुवाडीहून पंढरपूरला जाणारी गाडी इतर कुठल्याही गाडीसारखी रुंद रुळांवरून धावते. मी पहिल्यांदा गेलो तो १९६१ साली, वडिलांचं बोट धरून. त्या वेळी रूळ होते अवघे अडीच फुटांच्या अंतराचे. सोलापूर जिल्ह्यातल्या जुन्या माणसांच्या तोंडी त्या गाडीचं नाव एकच : ‘बार्शी लाईट’. कंपनी जाऊन सरकारी रेल्वे आली, तरी लोकांनी नाव काही सोडलं नाही. चालत्या गाडीतून उतरावं, बाभळीखाली जाऊन यावं आणि पुन्हा गाडी गाठावी, अशी तिची थट्टा सगळे करीत. मी स्वतः तसं कुणाला करताना पाहिलेलं नाही; पण उन्हाळ्यात तिचा डबा असा काही तापे की उतरून पळावंसं वाटे, एवढं खरं.

या थट्टेच्या गाडीचा इतिहास मात्र थट्टेचा नाही. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६० साली सोलापुरास पोचली. वाटेतल्या आजच्या कुर्डुवाडी स्टेशनाचं त्या वेळचं नाव ‘बार्शी रोड’. नावातच सगळं आलं. बार्शी गाव तिथून २१ मैल आत. बार्शी म्हणजे कापसाची मोठी पेठ. निजामच्या मुलखातला, म्हणजे आजच्या मराठवाड्यातला माल तिथं उतरायचा आणि बैलगाड्यांच्या रांगा लावून तो बार्शी रोडला यायचा. दुसऱ्या बाजूला, सुमारे ३२ मैलांवर, पंढरपूर. वारकरी मुंबई-पुण्याकडून आगगाडीने येत, बार्शी रोडला उतरत आणि तिथून पायी किंवा गाडीबैलाने निघत. म्हणजे एका हाताला कापूस आणि दुसऱ्या हाताला विठोबा. मधे आगगाडी नाही.

हे पाहिलं एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या एका इंग्रज इंजिनिअरने. तो मूळचा ग्रेट इंडियन पेनिन्सुलाचाच नोकर. मोठ्या रुंदीचा मार्ग इथं परवडायचा नाही हे त्यानं ओळखलं आणि लहान गाडीचा हिशेब मांडला. त्याची युक्ती ऐकण्यासारखी आहे. रूळ हलके घालायचे, पण वजन सगळ्या आसांवर सारखं वाटून द्यायचं, कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही. ओझं सारखं वाटलं की लहान रूळही मोठा माल वाहतो. आपल्या बैलगाडीवाल्याला हे ठाऊकच असतं. त्याला ‘उलार’ गाडी कशी असते ते विचारा. परंतु रेल्वेच्या तज्ज्ञांना ते पटवायला कॅल्थ्रॉपला खटपट पडली. विलायतेत लीड्स शहराजवळ रूळ टाकून त्यानं इंजिन आणि डबे चालवून दाखवले. १८९५ साली लंडनला बार्शी लाईट रेल्वे कंपनी नोंदवली गेली, आणि १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू झाली. पंढरपूरचा फाटा १९०६ साली. पुढं १९११ साली लातूर आणि १९२७ साली मिरज. मिरजेपर्यंत रूळ पोचले त्याच वर्षी कॅल्थ्रॉप वारला. उतारवयात या गृहस्थाला विमानातून उडी मारणाऱ्याचा जीव वाचवणाऱ्या छत्रीचा नाद लागला होता, आणि तशी छत्री त्यानं बनवलीही. रूळ काय नि छत्री काय, भार कसा पेलायचा याचाच तो विचार. १९५४ साली सरकारने कंपनी विकत घेतली, आणि या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत सगळा मार्ग टप्प्याटप्प्याने रुंद झाला.

मोडनिंब गेलं, आष्टी गेलं. नातू खिडकीशी. बाहेर नांगरून टाकलेली रानं, मधूनच उसाचा हिरवा तुकडा, पुन्हा काळं रान. मी त्याला म्हणालो, ‘या डब्यात आपल्या शेजारी कोण बसलंय ते तुला माहीत आहे का?’ त्यानं माझ्याकडं विचित्र नजरेनं पाहिलं. त्याला तो प्रश्नच कळला नाही, आणि ते चांगलंच झालं. पण १९०६ साली हा प्रश्न साऱ्या डब्याला पडलेला असे. गावात ज्याची सावली चालत नव्हती, ज्याला विहिरीवर चढू देत नव्हते, तो तिसऱ्या वर्गाचं तिकीट काढून त्याच बाकावर येऊन बसला तर करायचं काय? रेल्वेनं वर्ग केले होते ते पैशाचे; पहिला, दुसरा, तिसरा. जातीचा डबा तिनं जोडला नाही. तिला माणसं भरायची होती आणि तिकिटं खपवायची होती. समाजसुधारणा करायला काही ती निघाली नव्हती. जत्रेच्या दिवसांत तर वारकऱ्यांना मालाच्या वाघिणींतून कोंबून नेण्याची चाल सगळ्याच रेल्वेंत होती. वाघिणीत कसली शिवाशिव!

पण रेल्वेनं फक्त पुण्यच वाहून नेलं असं नाही. जत्रेत लाखो माणसं चंद्रभागेत न्हायची, धुवायची आणि तेच पाणी प्यायची. पटकीची साथ जत्रेत उठायची, आणि पूर्वी पायी आठ-दहा दिवसांत गावोगाव पोचणारा रोग आगगाडीने दुसऱ्या दिवशी पोचू लागला. पुढं लस टोचून घेतल्याचा दाखला असल्याशिवाय पंढरपुरात पाऊल टाकू देत नसत. माझे वडील सांगायचे, टोचून घेण्याच्या भीतीनं कितीतरी धट्टीकट्टी माणसं अलीकडच्या गावात उतरून रात्री शेतातून पंढरपुरात शिरायची. वाघाला न भिणारी माणसं सुईला भ्यायची.

पंढरपूर स्टेशन ते देऊळ, अंतर मैलभर. आम्ही ते पायीच गेलो. ऊन असं होतं की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. पहिल्यांदा नदीवर गेलो, कारण नातवाला नदीचं वचन दिलं होतं. भीमा इथं चंद्रकोरीसारखी वळते म्हणून चंद्रभागा. पण वैशाखातली चंद्रभागा म्हणजे वाळू. वाळू उपसून पडलेले खड्डे आणि एका कडेला पाण्याची धार. १९८० साली वर उजनीचं धरण पुरं झालं; तेव्हापासून उन्हाळ्यात इथं पाणी असायचं की नाही, हे आभाळापेक्षा धरणाच्या दरवाजावर अधिक ठरतं. पुंडलिकाचं देऊळ एरवी पाण्यात उभं असतं. आम्ही कोरड्या पायांनी त्याच्याभोवती फिरलो. नातू हिरमुसला. धारेत पाय बुडवून त्यानं समाधान करून घेतलं.

तिथून महाद्वार घाटाने वर चढलो, आणि मंदिराच्या पहिल्या पायरीशी आलो. ही नामदेवांची पायरी. संतांचे पाय आपल्या माथ्यावर पडावेत म्हणून नामदेवांनी इथं पायरी होऊन राहणं पत्करलं, अशी श्रद्धा आहे. म्हणून तिच्यावर कोणी पाय देत नाही, हात लावून पुढं जातात. आणि तिच्या समोर, रस्त्याच्या अंगाला, एक लहानशी समाधी. ही चोखोबांची.

श्रोतेहो, इथं मी जरा थांबतो. चोखामेळा मंगळवेढ्याचे. मंगळवेढं इथून जेमतेम बारा-पंधरा मैल. गावकुसाचं बांधकाम चालू असताना कूस कोसळलं आणि वेठीला धरलेले मजूर त्याखाली सापडले. त्यांत चोखोबा गेले. साल १३३८. नामदेव तिथं गेले, हाडांच्या ढिगातून ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आलं त्या चोखोबांच्या म्हणून ओळखल्या आणि इथं आणून त्यांची समाधी बांधली, अशी कथा आहे. कथेतला चमत्कार सोडा. पण जागा पाहा. ज्याचे अभंग देवळात म्हटले जातात, ज्याची बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा या सगळ्यांनी अभंग रचले, त्याची समाधी दाराबाहेर. नामदेवांनीसुद्धा आणली ती इथपर्यंतच. आणि पुढची सहाशे वर्षं त्याच्या जातीच्या माणसाची हद्द तीच राहिली. कुर्डुवाडीपासून ३२ मैल तो सगळ्यांच्या बाकाला बाक लावून यायचा, स्टेशनपासून मैलभर सगळ्यांच्या बरोबर चालायचा, आणि शेवटची पन्नास-शंभर पावलं राहिली की थांबायचा.

आमच्या गावात असा एक म्हातारा होता. दर चैत्रीला तो बार्शी लाईटने पंढरपूरला यायचा, चोखोबाच्या समाधीशी बसून कळसाला हात जोडायचा आणि परत फिरायचा. माझे वडील गावचे मास्तर, त्यांचा आणि त्याचा गाडीतला शेजार असे. वडील आत दर्शन घेऊन यायचे आणि त्याला बुक्का आणून द्यायचे. ‘त्यात आपण काही वावगं करतोय असं त्या वेळी मला वाटलंच नाही,’ असं वडील पुढं म्हणत, आणि म्हणताना त्यांना त्रास होत असे.

आता वैशाखाचं कारण सांगतो. १९४७ सालच्या मे महिन्यात, अशाच उन्हात, साने गुरुजींनी या गावात उपास केला. गुरुजी म्हणजे मुळात आपल्यासारखे शाळामास्तर. १९२४ ते १९३० अंमळनेरला शिकवीत होते. पंढरपूरचं देऊळ हरिजनांना उघडं व्हावं म्हणून प्राण पणाला लावायचं त्यांनी ठरवलं, ते १९४६ च्या अखेरीस. ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी सांगितलं, आधी लोकांना विचारा, लोकमत तयार करा. मग गुरुजी सहा महिने महाराष्ट्रभर हिंडले. सेवादलाचं कलापथक बरोबर. गावोगाव सभा, पोवाडे. आणि त्या दौऱ्यात कितीतरी गावांच्या विहिरी आणि देवळं खुली झाली. मला विचाराल तर त्या उपासापेक्षा हा दौराच मोठा. उपासानं दहा दिवसांत एका देवळाचं दार हललं. दौऱ्यानं सहा महिने गावागावांतली माणसं हलली. पण पंढरपूरच उघडलं नाही, म्हणून १ मे रोजी उपास सुरू झाला.

गावात विरोध मोठा. उपासाला जागा मिळायचीही पंचाईत. शेवटी तनपुरे महाराजांनी आपल्या मठात जागा दिली. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण महाराज वारकरी पंथातले. सुधारकांच्या बाजूने उभं राहायचं म्हणजे आपल्याच माणसांचा रोष घ्यायचा. इकडं गांधीजींनी उपास थांबवण्याविषयी तार केली. कायदा होऊ घातला आहे, मग उपास कशाला, असं त्यांना कळवण्यात आलं होतं. गांधीजींना मानणाऱ्या माणसाला गांधीजींचाच नकार यावा, याहून अवघड काय असेल? गुरुजींनी तो नकार नम्रपणे बाजूला ठेवला आणि उपास चालू ठेवला. मध्यवर्ती विधिमंडळाचे अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर मध्यस्थीला आले, बडवेमंडळींशी बोलणी झाली, आणि त्यांची संमती मिळून १० मे रोजी उपास सुटला. त्याच वर्षी मुंबई सरकारने मंदिरप्रवेशाचा कायदा केला. वडील उपासाच्या चौथ्या का पाचव्या दिवशी बार्शी लाईटने पंढरपूरला गेले होते. मठाबाहेर उन्हात उभं राहून आले, एवढंच ते सांगत.

या गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि शिक्षकांनी ती मुलांना सांगितली पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३० साली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला, तो वर्षानुवर्षं चालला, दार उघडलं नाही. १९३५ साली येवल्याला त्यांनी सांगून टाकलं की आपण हिंदू म्हणून मरणार नाही. म्हणजे पंढरपूरचं दार उघडलं तेव्हा ज्यांच्यासाठी उघडलं त्यांतले पुष्कळजण त्या दारापासून केव्हाच पाठ फिरवून निघाले होते. उशीर झाला होता. किती, ते आमच्या गावच्या त्या म्हाताऱ्यानेच सांगितलं. १९४८ सालच्या चैत्रीला तो नेहमीसारखा गाडीत भेटला. वडील मोठ्या आनंदानं म्हणाले, ‘बाबा, आता दोघं मिळून आत जाऊ.’ म्हातारा काही बोलला नाही. चोखोबापाशी आल्यावर तिथंच खाली बसला आणि म्हणाला, ‘मास्तर, तुमी जाऊन या. म्या हितंच बरा हाय. चोखोबाला टाकून कुटं जाऊ?’ वडील त्या दिवशी एकटेच आत गेले. त्याचा मुलगा पंढरपूरला कधीच आला नाही. तो १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला गेला आणि बाबासाहेबांबरोबर बौद्ध होऊन परत आला.

याच पंढरपुरात गाडगेबाबांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली होती. देवळात जागा नाही तर निदान रात्री पाठ टेकायला छप्पर असावं, असा त्यांचा रोकडा विचार. ती धर्मशाळा पुढं त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली, पोरांना शिकायला राहता यावं म्हणून. खराट्याच्या त्या माणसाला दाराचा नाद नव्हता, हे मला नेहमी नवलाचं वाटतं.

आम्ही आत गेलो. पायावर डोकं ठेवण्याची रांग लांब होती, तेव्हा मुखदर्शनावर भागवलं. देवळात चौऱ्यांशीचा शिलालेख नातवाला दाखवला. तेराव्या शतकातला, १२७३ सालापासूनचा, यादवांच्या काळात देवळाला ज्यांनी दानं दिली त्यांच्या नावांचा हा लेख. त्याला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, या समजुतीनं पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी पाठी घासल्या, आणि कितीतरी अक्षरं गुळगुळीत होऊन गेली. इतिहास पुसण्याची याहून भाविक रीत मी पाहिलेली नाही.

देवळाचा कारभारही आता बदललेला आहे. वंशपरंपरेचे हक्क काढून टाकणारा कायदा १९७३ सालचा. पण कोर्टकचेऱ्या चालत राहिल्या, आणि बडवे-उत्पातांच्या हक्कांचा शेवटचा निकाल सर्वोच्च न्यायालयात लागला तो २०१४ च्या जानेवारीत. कायदा होऊन चाळीस वर्षांनी.

बाहेर आलो तेव्हा नातू समाधीपाशी घुटमळला. लोक येत होते, आधी चोखोबांना हात लावत होते, मग पायरीला, मग आत. त्यानं विचारलं, ‘आजोबा, सगळे आधी यांनाच का भेटतात?’ मी म्हटलं, ‘रीतच आहे तशी.’ ‘मग यांना बाहेर का ठेवलंय?’ मी त्याला कूस, मंगळवेढं, ते सगळं सांगितलं. त्या म्हाताऱ्याची गोष्टही सांगितली. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘मग पणजोबा त्या दिवशी बाहेर का नाही थांबले त्यांच्याबरोबर?’

याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. वडिलांजवळही नसावं. आम्ही बत्तासे आणि चुरमुरे घेतले, एका झाडाखाली बसून भाकरी खाल्ली आणि उन्हं कलल्यावर स्टेशनची वाट धरली. परतीच्या गाडीत गर्दी होती. एका बाईने सरकून पोराला जागा करून दिली. चुरमुऱ्यांची पुडी त्यानं डब्यात सगळ्यांपुढं फिरवली. मोडनिंब यायच्या आत तो त्या बाईच्या खांद्यावर डोकं टाकून झोपला होता.